बॅडमिंटनची वार्षिक मेंबरशिप घ्यावी का? एका ओळीचं बीजगणित आणि ‘क्ष’ची खरी किंमत

प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही नाशिकच्या इंदिरानगरला राहता, नोकरी अंबडच्या कारखान्यात, पाळी दर आठवड्याला बदलते. घराजवळच्या बॅडमिंटन हॉलची वार्षिक मेंबरशिप एरवी १२,००० रुपये, पण येत्या रविवारपर्यंत ऑफरमध्ये ९,६००. मेंबरला दर वेळी शटल आणि लाइटचे ४० रुपये, बाहेरच्याला दर वेळी १६०. घरातल्या तिघांची फॅमिली मेंबरशिप १६,८००. तुम्ही लिहिलंय, ‘आठवड्याला चार दिवस तर नक्की जाईन, मुलगी आणि मिसेसही येतील, मग घेऊन टाकू का?’ आणि शेवटी, ‘जानेवारी ते एप्रिल सुट्टीच्या दिवशी निफाडला गावी जावं लागतं, द्राक्षाचा हंगाम असतो.’

हे शेवटचं वाक्य तुम्ही जाता जाता लिहिलंय, पण उत्तराचा बराच भाग त्यातच आहे.

मी सातपूरच्या एका कंपनीत बरीच वर्षं कॉस्टिंग पाहिलं. आता एमआयडीसीतल्या छोट्या वर्कशॉपवाल्यांना मशीन घ्यावं की जॉब बाहेर करून घ्यावा, कंप्रेसरचा वार्षिक देखभाल करार करावा की बिघडला तेव्हा माणूस बोलवावा, असे हिशेब करून देतो. तुमचा प्रश्न हुबेहूब त्याच जातीचा आहे. एकीकडे एकरकमी खर्च आणि नंतर दर वेळी थोडे पैसे, दुसरीकडे एकरकमी काही नाही पण दर वेळी जास्त पैसे.

आधी बीजगणित उरकून टाकू, कारण ते आठवीच्या वहीतलंच आहे. वर्षात तुम्ही क्ष वेळा खेळायला गेलात असं धरा.

मेंबर असाल तर वर्षाचा खर्च: ९,६०० + ४०क्ष
मेंबर नसाल तर: १६०क्ष

दोन्ही खर्च कुठे सारखे होतात ते काढायचं. ९,६०० + ४०क्ष = १६०क्ष. दोन्हीकडून ४०क्ष वजा केले की ९,६०० = १२०क्ष, आणि क्ष = ८०.

इथे बरेच जण ९,६०० ला १६० ने भागतात आणि ६० उत्तर काढतात. ते चूक आहे, कारण मेंबर झालात तरी दर वेळचे ४० रुपये सुटत नाहीत. मेंबरशिपमुळे एका वेळेला वाचतात ते १६० नव्हे, १२०. त्या १२० रुपयांनीच ९,६०० फेडायचे आहेत. भागायचं असतं ते नेहमी दोन दरांमधल्या फरकाने. पेट्रोल दोन्हीकडे सारखंच जाळलं जाणार, बूट आणि रॅकेट दोन्हीकडे लागणारच, म्हणून त्यांना समीकरणात घ्यायचं कारण नाही. उद्या गंगापूर रोडच्या एखाद्या स्वस्त हॉलशी तुलना करायची झाली, तर मात्र पेट्रोल आणि जाण्यायेण्याचा वेळ हिशेबात आलाच पाहिजे.

आता या ८० चा उपयोग काय ते नीट बघा. समीकरण सोडवण्याआधी तुमच्यापुढचा प्रश्न होता, ‘मी वर्षात किती वेळा जाईन?’ याचं नेमकं उत्तर कोणीच देऊ शकत नाही. समीकरणानंतर प्रश्न उरतो, ‘मी ८० च्या वर जाईन की खाली राहीन?’ हा फार सोपा प्रश्न आहे. ज्याची घोडदौड दीडशेच्या पुढे आहे किंवा ज्याची मजल तीसपर्यंतच जाते, त्याला अचूक आकड्याची गरजच नाही, निर्णय डोळे मिटून होतो. अडचण येते ती मधल्या लोकांची, ज्यांचा अंदाज सत्तर-नव्वदच्या आसपास घोटाळतो. माझ्या हिशेबाने तुम्ही नेमके तिथेच आहात. कसे, ते सांगतो.

तुमचे ‘आठवड्याला चार’ गुणिले ५२ म्हणजे २०८. पण पाळी बदलणाऱ्या माणसाचे ५२ आठवडे एकसारखे नसतात. तीन पाळ्या फिरत असतील तर प्रत्येक पाळीच्या वाट्याला साधारण १७ आठवडे येतात. पहिल्या पाळीत तुम्ही दुपारी चारपर्यंत घरी येता आणि संध्याकाळ मोकळी असते, तिथे आठवड्याला चार वेळा मला मान्य आहे, म्हणून ६८. दुसऱ्या पाळीत घरी पोचायलाच मध्यरात्र उलटते. सकाळी सातला उठून कोर्टवर जाणं आठवड्यातून दोनदा झालं तरी पुष्कळ, म्हणून ३४. रात्रपाळीच्या आठवड्यात दिवसा झोपायचं, उठल्यावर घरची कामं आणि परत डबा घेऊन निघायचं. तिथे मी शून्य धरतो. बेरीज १०२.

आता निफाड. जानेवारी ते एप्रिल हे साधारण १७ आठवडे. त्यातले रात्रपाळीचे सोडले तर अकरा-बारा आठवड्यांत सुट्टीचा दिवस गावी जातो, म्हणजे खेळायचा सगळ्यात मोकळा दिवसच जातो. दहा वजा करा. मग गणपती, नवरात्र, दिवाळी, लग्नसराई, एखादा ताप, एखाद वेळी मुरगळलेला पाय. या सगळ्यांचे मिळून सहा धरले तर ते कमीच आहेत. १०२ वजा १६ म्हणजे ८६. आपण ८५ धरू.

२०८ वरून ८५. यात तुमच्या इच्छाशक्तीवर मी कुठेही शंका घेतलेली नाही. जिथे वेळ आहे तिथे चार दिवस जाल हे तुमचंच म्हणणं मी जसंच्या तसं ठेवलंय. फक्त कॅलेंडर समोर ठेवलं.

कामाच्या ठिकाणी मला हे सारखं दिसतं. अंबडच्या एका वर्कशॉपमध्ये मालक नवीन मशीन घ्यायच्या विचारात होते. जुन्या मशीनबद्दल विचारलं तर म्हणाले, दोन्ही शिफ्ट फुल चालतं, उसंत नाही. मी वर्षभराची जॉबकार्डं मागितली. नाडीने बांधलेला गठ्ठा टेबलावर आला. एकेका कार्डावर जॉब कधी लावला आणि कधी उतरवला याची वेळ ऑपरेटरने पेनाने लिहिलेली. त्यांची बेरीज झाली तेव्हा कळलं की सेटिंग, मटेरियलची वाट आणि लाइट गेलेली असणं यातच मोठा वेळ जातोय, आणि आहे त्याच मशीनमध्ये भरपूर जागा शिल्लक आहे. मालक खोटं बोलत नव्हते. गर्दीचे दिवस लक्षात राहतात, रिकामे दिवस राहत नाहीत, एवढंच. म्हणून मी क्ष कधीही माणसाच्या तोंडून घेत नाही, कागदावरून घेतो. तुमच्याकडे जॉबकार्ड नाही, पण फोनमध्ये मागच्या वर्षीचे यूपीआयचे व्यवहार आहेत. पूर्वी कुठे खेळायला, पोहायला किंवा जिमला जात असाल तर ते पैसे किती वेळा गेले ते मोजा. तो आकडा तुमच्या संकल्पापेक्षा भरवशाचा आहे.

हा अनुभव फक्त आपल्याकडचा नाही. स्टेफानो डेलाविन्या आणि उलरिके माल्मेंडिअर या दोन अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांमधल्या ७,७५२ सभासदांच्या तीन वर्षांच्या हजेरीच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली निष्कर्ष छापले. महिन्याला ७० डॉलरपेक्षा जास्त फी भरणारे सभासद सरासरी महिन्यातून ४.३ वेळा येत होते. म्हणजे एक वेळ त्यांना १७ डॉलरच्या वर पडत होती, आणि त्याच ठिकाणी दहा वेळांचा पास घेतला असता तर एक वेळ १० डॉलरला पडली असती. पर्याय समोर असूनही लोकांनी महागडा निवडला. अभ्यासकांच्या मते याचं मुख्य कारण हे असावं की सही करताना डोक्यात स्वतःचा क्ष मोठा होता.

क्ष इतकाच महत्त्वाचा आहे तो समीकरणातला दुसरा आकडा, म्हणजे तुमच्या बाबतीतले १६० रुपये. मेंबर नसता तर तुम्ही खरोखर किती भरलं असतं? बोर्डावर लिहिलेला दर आणि तुमच्या खिशातून जाणारा दर एकच असेल असं नाही. याचं आपल्या रोजच्या पाहण्यातलं उदाहरण एसटीचं आहे.

एसटीच्या मासिक पासची पद्धत तुम्हाला माहीत असेल: २० दिवसांचं भाडं भरायचं आणि ३० दिवस प्रवास करायचा. समजा नाशिकहून सिन्नरला रोज जाणारा एक कर्मचारी आहे. एका दिवसाचं जाण्यायेण्याचं भाडं भ धरा. पास पडतो २०भ ला. तो महिन्यात क्ष दिवस गेला तर तिकिटांनी खर्च होतो भक्ष. दोन्ही सारखे होतात क्ष = २० ला. भ दोन्हीकडून उडून जातो, म्हणजे अंतर कितीही असो, उत्तर २० च. महिन्यात पंचवीस दिवस कामावर जाणाऱ्याने पास घ्यावा, यात वाद नाही.

आता त्याच बसने त्याच ऑफिसला जाणारी त्याची सहकारी घ्या. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना निम्मं तिकीट आहे. तिचा तिकिटांचा खर्च भक्ष नाही, भक्ष चा अर्धा आहे. पासचा हिशेब पूर्ण भाड्यावर होत असेल तर तिच्यासाठी २०भ = ½भक्ष, म्हणजे क्ष = ४०. महिन्यात ४० दिवस असतातच कुठे? महिनाभर रोज गेली तरी तिकिटांनी तिला १५ दिवसांच्या भाड्याइतकेच पैसे लागतील आणि पासला २० दिवसांचे. बस तीच, पास तोच, प्रवासाचे दिवस तेवढेच, तरीही एकाला पास घेणं शहाणपणाचं आणि दुसरीला कधीच नाही. शेजारच्याने मेंबरशिप घेतली आणि त्याला परवडली, यावरून आपल्याला परवडेल असं का म्हणता येत नाही, ते इथे स्वच्छ दिसतं.

फास्टॅगच्या वार्षिक पासबद्दल हल्ली सारखं विचारलं जातं, म्हणून तेही याच ओघात. हा पास १५ ऑगस्ट २०२५ ला सुरू झाला तेव्हा ३,००० रुपयांना होता, खासगी गाडीसाठी, एक वर्ष किंवा २०० फेऱ्या यांतलं जे आधी संपेल तोवर. ३,००० भागिले २०० म्हणजे एका नाक्याला १५ रुपये, हे गणित सगळे करतात. पण ते फक्त २०० च्या २०० वापरणाऱ्याचं गणित आहे. समजा नाशिक-मुंबई रस्त्यावर घोटी आणि पडघ्याजवळच्या नाक्यावर सरासरी १०० रुपये लागतात. जाऊन येऊन चार वेळा नाका ओलांडला जातो. ३,००० भागिले १०० म्हणजे ३० वेळा, म्हणजे मुंबईच्या आठ वाऱ्यांत पास फिटला. पण तुम्ही २४ तासांत परत येत असाल तर परतीसह दीडपटच टोल लागतो, दुप्पट नाही. मग एका नाक्याचे खरे ७५ पडतात, आणि आठच्या जागी दहा वाऱ्या लागतात. शिवाय इगतपुरीहून समृद्धी महामार्ग धरलात तर तिथे हा पास चालतच नाही, कारण तो राष्ट्रीय महामार्गांसाठी आहे. आकडे तुमच्या गाडीचे आणि तुमच्या रस्त्याचे घाला, उत्तर बदलेल.

परत तुमच्या हॉलकडे येऊ. इथवरच्या हिशेबाने फिटायला ८० वेळा लागतात आणि तुमचा अंदाज ८५ आहे. काठावर का होईना, पण घ्यावी असं दिसतं. इथे आणखी एक गोष्ट तपासायची राहते, आणि माझ्या मते ती सगळ्यात जास्त निसटते.

८५ हा आकडा मेंबर झाल्यावरचा आहे. दर वेळी फक्त ४० रुपये द्यायचे असतात तेव्हा माणूस सहज उठून जातो. दर वेळी १६० मोजायचे असते तर तुम्ही ८५ वेळा गेला असता का? बहुतेक नाही. समजा ५० वेळा गेला असता. मग खरी तुलना अशी होते: मेंबर न होता ५० वेळा, खर्च ८,००० रुपये. मेंबर होऊन ८५ वेळा, खर्च ९,६०० + ३,४०० = १३,००० रुपये. म्हणजे मेंबरशिपने तुमचे पैसे वाचवले नाहीत. तुम्ही ५,००० रुपये जास्त दिले आणि ३५ वेळा जास्त खेळलात. ५,००० भागिले ३५ म्हणजे जादाची प्रत्येक वेळ जवळपास १४३ रुपयांना पडली. आता स्वतःला हे विचारा: त्या जादा ३५ संध्याकाळी मला प्रत्येकी १४३ रुपयांच्या वाटतात का?

याचं उत्तर ‘हो’ असू शकतं, आणि ते मी ठरवणार नाही. डॉक्टरांनी साखरेकडे बोट दाखवलं असेल, वजन उतरवायचं असेल, किंवा कारखान्यातून आल्यावर डोकं शांत व्हायला हाच एक मार्ग असेल, तर ५,००० रुपये वर्षाला ही रक्कम मला मुळीच जास्त वाटत नाही. पण मग तुम्ही तो खर्च तब्येतीसाठी करताय हे समजून करा. ‘पैसे वाचतात’ म्हणून करू नका, कारण वाचत नाहीत.

फॅमिली मेंबरशिपचं उत्तर जास्त सरळ आहे: आत्ता घेऊ नका. काउंटरवर तुम्हाला सांगतील की १६,८०० भागिले १२० म्हणजे १४०, तिघांचे मिळून वर्षात १४० वेळा झाले की वसूल, आणि तिघांत १४० काय जड आहे? ऐकायला बिनतोड वाटतं. पण तुमच्यापुढे पर्याय दोन नाहीत, तीन आहेत: काहीच नाही, फक्त तुमची, किंवा सगळ्यांची. फॅमिलीची तुलना ‘काहीच नाही’शी करायची नसून ‘फक्त तुमची’शी करायची असते. वरचे जास्तीचे पैसे किती? १६,८०० वजा ९,६०० म्हणजे ७,२००. ते फेडायचे आहेत मिसेस आणि मुलीने, तुम्ही नाही. ७,२०० भागिले १२० म्हणजे ६०. त्या दोघी मिळून वर्षात ६० वेळा येतील का, एवढाच प्रश्न.

हे महत्त्वाचं का, ते आकड्यांनी दाखवतो. समजा तुम्ही मोठ्या जोमाने ११० वेळा गेलात आणि त्या दोघी मिळून ३० वेळा आल्या. एकूण १४०, म्हणजे काउंटरवाल्याच्या हिशेबाने वसूल. फॅमिलीचा खर्च १६,८०० + १४० × ४० = २२,४००. कोणीच मेंबर नसतं तर १४० × १६० = २२,४००. अगदी बरोबर बसलं. आणि फक्त तुम्ही मेंबर असता आणि त्या दोघींनी दर वेळी १६० दिले असते तर? ९,६०० + ४,४०० + ४,८०० = १८,८००. म्हणजे ‘वसूल’ झालेल्या फॅमिली मेंबरशिपमध्ये ३,६०० रुपये पाण्यात गेले. ते दिसले नाहीत, कारण तुमच्या ११० नी त्यांच्या ३० ला झाकून टाकलं. आमच्या धंद्यात एका चालणाऱ्या मालामागे न चालणारा माल असाच लपतो, म्हणून प्रत्येक मालाचा हिशेब वेगळा मांडायची शिस्त असते. घरातही तीच शिस्त लावा.

आता ऑफर. रविवारची मुदत बघून पोटात गोळा येतो, हे समजू शकतो. ‘२,४०० रुपयांचा फायदा हातचा जाईल’ असं वाटतं. तो खरोखर किती जाईल ते मांडून बघू. तुम्ही रविवारी घेतली नाही आणि ऑफर खरंच बंद झाली, तर १२,००० रुपयांना फिटायला १०० वेळा लागतील. तुमचे ८५ आहेत, म्हणजे त्या भावात तुम्ही घेणारच नाही, दर वेळी १६० देत राहाल. ८५ गुणिले १६० म्हणजे १३,६००. ऑफरमध्ये घेतली असती तर १३,०००. फरक ६०० रुपयांचा, तोही वर्षभरात. ऑफर हुकल्याचं तुमचं नुकसान २,४०० नाही, ६०० आहे. दर वेळी पैसे मोजावे लागतात म्हणून ५० वेळाच गेलात, तर खिशातून जाणारे पैसे उलट कमीच होतील.

दुसऱ्या बाजूला बघा. रविवारी ९,६०० भरले आणि दोन महिन्यांत, समजा १४ वेळा जाऊन, बंद पडलं. पाळी बदलली, गुडघा दुखला, जोडीदाराची बदली झाली, काहीही. तेव्हा खर्च झाला ९,६०० + ५६० = १०,१६०. तेच १४ वेळा १६० देऊन गेला असता तर २,२४०. नुकसान ७,९२० रुपये.

एका पारड्यात ६००, दुसऱ्यात ७,९२०. बंद पडण्याची शक्यता श धरली तर थांबणं फायद्याचं केव्हा ठरतं? ७,९२०श हे ६००(१ − श) पेक्षा मोठं असेल तेव्हा, म्हणजे श जेव्हा ६०० भागिले ८,५२० पेक्षा जास्त असेल तेव्हा. ते येतं सुमारे ७ टक्के. नव्याने खेळ सुरू करणाऱ्या चौदा जणांतला एक जरी दोन महिन्यांत सोडत असेल, तरी थांबणं बरं. तुम्ही स्वतः आजूबाजूला पाहिलंय, चौदात एकच सोडतो की जास्त ते. तुम्ही जर वर्षाला दीडशे वेळा खेळणारे निघालात तर थांबल्याचा फटका मोठा बसेल हे कबूल, साडेतीन हजारांच्या आसपास. पण फिरती पाळी आणि निफाडचा हंगाम धरून दीडशे कसे होतील, ते मला कॅलेंडरवर बसवून दाखवता आलेलं नाही.

म्हणून माझं मत: दोन महिने दर वेळी १६० देऊन जा. दोन महिन्यांत तिन्ही पाळ्या जवळपास तीन-तीनदा येऊन जातात, म्हणजे नमुना चांगला मिळतो. प्रत्येक वेळी घरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला पेनाने एक टिंब द्या, आणि शेजारी पाळीचा आकडा लिहा, १, २ किंवा ३. दोन महिन्यांनी टिंबं मोजा. निफाडचा हंगाम त्यात आला नसेल तर त्याची वजावट वेगळी करा, म्हणजे टिंबांना सहाने गुणून त्यातून दहा काढा. उत्तर ११० च्या वर आलं तर १२,००० ला सुद्धा घ्यायला हरकत नाही. ८० ते ११० च्या मधे आलं तर पुढच्या ऑफरची वाट बघा, दसरा-दिवाळीला किंवा नवीन वर्षाला अशा ऑफर निघतात. ८० च्या खाली आलं तर दर वेळी पैसे देत राहणंच तुमच्यासाठी स्वस्त आहे, आणि त्यात कमीपणा काही नाही.

यातलं एक परिस्थितीवर अवलंबून आहे. जे लोक पैसे भरल्याशिवाय घराबाहेर पडतच नाहीत, त्यांच्यासाठी दोन महिन्यांची चाचणी खरा अंदाज देत नाही, कारण मेंबर झाल्यावर ते जास्त जातील. तुम्ही तसे असाल तर टिंबांचा आकडा थोडा वाढवून धरा. पण मग वरचा १४३ रुपयांचा प्रश्न आठवा आणि त्याचं उत्तर आधी द्या.

काउंटरवर जाल तेव्हा काही गोष्टी विचारून घ्या, त्यांनी समीकरणातले आकडे बदलतात. ९,६०० मध्ये जीएसटी धरलाय की वरून लागणार? नोंदणी फी वेगळी आहे का? असेल तर ती ९,६०० मध्ये मिळवा. अनामत असेल आणि ती परत मिळणार असेल तर ती खर्चात धरू नका. आपल्या नाशिकच्या १८४० सालच्या सार्वजनिक वाचनालयापासून साध्या गल्लीतल्या वाचनालयापर्यंत ‘अनामत’ आणि ‘वर्गणी’ हे दोन शब्द वेगळे आहेत ते याच कारणाने. दुसरं, मेंबरला संध्याकाळी सहा ते आठ कोर्ट मिळण्याची खात्री आहे का? नसेल तर पहिल्या पाळीतले तुमचे चार दिवस तीनवर येतील आणि ८५ चे ७० होतील. तिसरं, आणि तुमच्यासाठी सगळ्यात मोलाचं: मेंबरशिप मधेच थांबवून पुढे ढकलता येते का? रात्रपाळीचे आठवडे नाहीत तरी निदान द्राक्षाच्या हंगामातले दोन महिने थांबवून मे-जूनमध्ये वापरता आले, तर तुमचा क्ष सहज दहा-पंधराने वाढतो. तशी सोय लेखी देत असतील, तर माझं उत्तर बदलेल आणि मी ऑफरमध्येच घ्या म्हणेन.

कधी घेतलीत, तर भरल्या दिवसापासून ९,६०० चा विचार सोडून द्या. ते पैसे गेले, खेळलात तरी आणि नाही तरी. त्यानंतर प्रत्येक संध्याकाळचा प्रश्न एवढाच: आज ४० रुपये आणि दीड तास देऊन खेळावंसं वाटतंय का? अंगात कणकण असताना ‘वसूल करायचंय’ म्हणून कोर्टवर जाऊन पाय मोडून घेणारे लोक मी पाहिलेत, तसं करू नका.

मुलीचं राहिलं. तिची परीक्षा एप्रिलमध्ये संपेल आणि मग सुट्टीत ती रोज जाऊ म्हणेल. हॉलमध्ये महिन्याची मेंबरशिप मिळते का ते विचारा. समजा ती १,२०० ला असेल आणि दर वेळचे ४० तसेच असतील, तर १,२०० भागिले १२० म्हणजे १० वेळांत फिटते. मे महिन्यात ती दहा वेळा जाईल याबद्दल मला शंका नाही. तिला मे महिन्यापुरती ती घेऊन द्या, आणि जूनमध्ये शाळा सुरू झाली की पुन्हा १६० वर या.